शतपुष्पा, मिश्रेया आणि लॅटिन नावांची ग्रीक मुळे

द्रव्याविषयी संदेह उत्पन्न झाला की आपण लॅटिन नावाचा आधार घेतो. परंतु ते नावही दीर्घ प्रवास करून आलेले असते, हे वैद्यांनी व औषधी विक्रेत्यांनी ध्यानी ठेवावयास हवे.

जिऱ्याचेच पाहा. 'क्युमिनम सायमिनम' या नावात एकच शब्द दोनदा आला आहे. एकदा लॅटिन वळणाने, एकदा ग्रीक 'क्युमिनॉन'च्या वळणाने. ग्रीकांनी तो सेमिटिक भाषांतून घेतला. धन्याचे 'कोरिअँड्रम' हेही मूळचे ग्रीकच. 'पायपर' मात्र आपल्या 'पिप्पली'तून निघाले. ग्रीकांनी त्याचे 'पेपेरी' केले, रोमनांनी 'पिपेर', आणि युरोपात ते नाव अखेर मरिचास चिकटले. पहिल्या शतकात प्लिनीने नोंदविलेले रोममधील दर असे : पिप्पली पौंडास १५ दिनार, काळी मिरी ४ दिनार.

व्यवहारात खरी अडचण येते ती शतपुष्पा व मिश्रेया यांच्या बाबतीत. शतपुष्पा म्हणजे बाळंतशेप, 'अ‍ॅनेथम ग्रॅव्हिओलेन्स'. हे ग्रीक 'अ‍ॅनेथॉन'. मिश्रेया म्हणजे बडीशेप. तिला ग्रीक 'मॅराथॉन' म्हणत. रोमनांनी मात्र वाळल्या गवताच्या आपल्या शब्दावरून 'फिनिक्युलम' म्हटले. लिनिअसने १७५३ मध्ये दोहोंस 'अ‍ॅनेथम' या एकाच प्रजातीत घातले; १७६८ मध्ये मिलरने 'फिनिक्युलम व्हल्गेर' हे नाव दिले. म्हणून जुन्या ग्रंथातील नुसते 'अ‍ॅनेथम' निर्णायक नव्हे. त्यात भर म्हणजे 'अ‍ॅनेथोल' हा घटक नावाने शेपेचा वाटला, तरी तो प्राधान्याने बडीशेपेच्या तेलात आढळतो. शेपेच्या तेलात कार्व्होन प्रमुख असते.

काश्यपसंहितेत शतपुष्पा-शतावरीचा स्वतंत्र कल्प सांगितला आहे. तेथे 'शेप' एवढेच लिहिलेल्या पोत्यातील बडीशेप घातली, तर पाठ शुद्ध राहूनही औषध बदलते आणि उपशय न मिळाल्याचा दोष योगाच्या माथी येतो.

यास्तव मागणीपत्रात संस्कृत नाव, मराठी नाव, लॅटिन नावाचे दोन्ही शब्द व प्रयोज्यांग लिहावे. माल आल्यावर फळ तळहातावर घेऊन पाहावे. बाळंतशेप चपटी व कडेला पातळ पंख असलेली असते. बडीशेप लांबट, गोलसर व ठळक शिरांची असते. नाव कोणत्याही भाषेतील असो, अंतिम निर्णय प्रत्यक्ष परीक्षणानेच करावा.