साडेसव्वीस ओहमचा हिशोब

गीझरची कॉइल चांगली आहे की गेली, हे ठरवायला दुरुस्तीवाल्या काकांना वीज लागत नाही. पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास विजेच्या सामानाची दुकानं दाटीवाटीनं उभी आहेत. तिथल्या एका टेबलाशी बसून हे काम मी जवळून पाहिलं.

कॉइलवर शिक्का असतो : 230 व्होल्ट, 2000 वॅट. काका पाटीवर व्होल्टेजचा वर्ग करतात, 52,900. त्याला वॅटनं भागलं की 26.45 ओहम. मीटरनं साधारण एवढाच रोध दाखवायला हवा. मापण्याआधी ते मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवतात. 0.3 येतो, म्हणजे तो वायरींचाच रोध. मग कॉइल मोजतात, 27.1. वजा जाता 26.8. म्हणजे पॉवर सुमारे 1974 वॅट. कॉइल ठणठणीत. शेवटी एक पिन टोकाला, दुसरी बाहेरच्या नळीला. इथं मीटरनं काहीच आकडा दाखवता कामा नये. दाखवला, तर करंट पाण्याच्या टाकीत उतरतोय.

हीच रीत जुन्या 100 वॅटच्या बल्बला लावली तर फसगत होते. हिशोबानं 529 ओहम यायला हवेत, पण थंड फिलामेंट त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच दाखवते. टंगस्टनचा रोध तापल्यावर कैक पटींनी वाढतो. गीझरच्या कॉइलमधली नायक्रोमची तार तापली तरी फारशी बदलत नाही, म्हणून तिथं थंड माप चालतं.

“कॉइल चांगली आहे, मग पाणी का तापत नाही?” गिऱ्हाइकानं विचारलं. काकांनी उलट विचारलं, “घरी व्होल्टेज किती येतं?” उत्तर आलं, संध्याकाळी 180. पाटीवर पुन्हा वर्ग : 32,400 भागिले 26.8, म्हणजे 1209 वॅट. व्होल्टेज बावीस टक्क्यांनी उतरलं, पण पॉवर जवळजवळ एकोणचाळीस टक्क्यांनी. दोष गीझरचा नव्हताच.

सगळ्यात महत्त्वाचा हिशोब मात्र एका वितळलेल्या सॉकेटचा होता. स्क्रू सैल, पितळ काळं पडलेलं. अशा सांध्यात अर्धा ओहम रोध तयार झाला असं धरा. त्याच कॉइलसह एकूण रोध 27.3, म्हणजे 230 व्होल्टवर करंट 8.4 अँपिअर. करंटचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे 35 वॅट. एवढ्या वॅटचं सोल्डरिंगचं हत्यार काकांच्या टेबलावरच आहे, ते शिसं-कथील वितळवतं. तेवढीच उष्णता सॉकेटच्या प्लास्टिकमध्ये कोंडते. आणि एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेला नसतो. उलट 8.6 वरून 8.4 वर आलेला असतो.

जॉर्ज ओहमनं 1827 साली आपला नियम पुस्तकात मांडला. करंटच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते, हे जेम्स जूलनं 1841 साली प्रसिद्ध केलं. शाळेत ही दोन सूत्रं आपण मार्कांसाठी शिकतो. खरं तर घराच्या सुरक्षिततेसाठी ती शिकायला हवीत.

गीझर, इस्त्री, हीटर वापरून झाल्यावर बटण बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या पिना गरम लागतात का ते पाहा. गरम लागल्या, तर नुसता प्लग बदलून भागवू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा, मेन बंद करून सॉकेट बदलून घ्या आणि प्रत्येक स्क्रू घट्ट आवळून घ्या. तो सैल स्क्रू एमसीबीला कळत नाही. तो आपल्यालाच शोधावा लागतो.