राहत्या घराचें वायरिंग : दिवस किती धरावे?

घरांतील विजेच्या जुन्या तारा काढून नव्या घालावयाचें ठरलें, म्हणजे पहिला प्रश्न पैशांचा निघतो व दुसरा दिवसांचा. पैशांचा अंदाज थोडाफार जमतो. दिवसांचा मात्र हटकून चुकतो. वायरमन येतो, भिंतींवरून एकवार नजर फिरवितो, पॉइंट मोजतो आणि "दोन दिवसांचें काम" असें सांगून जातो. तो खोटें बोलत नसतो. त्याचे दोन दिवस रिकाम्या घराचे असतात, आणि आपण राहतों तें घर भरलेलें असतें. संस्कृतांत भविष्यकाळ एकाहून अधिक आहेत. त्यांतला एक, आज खास न होणाऱ्या गोष्टीसाठीं राखून ठेवलेला आहे. कारागिराचें "उद्यां येतों" त्या खात्यांत घालावें, असें मला पुष्कळदां वाटलें आहे. पण या बाबतींत सगळा दोष त्याच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. हिशेब घरच्या माणसांनींच करावयाचा असतो, आणि तोच आपण करीत नाहीं.

शिवडीच्या बी. डी. डी. चाळींतील एका खोलीचें उदाहरण घेऊं. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईंत घरांची टंचाई झाली, तेव्हां गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत, १९२० सालीं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हें खातें निघालें. त्यानें वरळी, नायगाव, डिलाइल रोड (आतांचा ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या केल्या, त्यांपैकीं शिवडीस १२. तळमजला व वर तीन मजले, दर मजल्यावर वीस खोल्या, आणि खोली सुमारें १६० चौरस फुटांची. बांधकाम सिमेंट-काँक्रीटचें.

या काँक्रीटमुळें दिवसांच्या हिशेबांत मोठाच फरक पडतो. विटांच्या भिंतींत खांच पाडून तिच्यांत नळी बसवितां येते; पण मग खांच पाडणें, नळी बसविणें, गिलावा करणें, तो आठवडाभर पाणी मारून पक्का होऊं देणें, त्यानंतर तारा ओढणें व शेवटीं रंग, अशी सहा कामांची माळ लागते, आणि एक मणी अडला कीं पुढचे सारे अडतात. शिवडीच्या भिंतीला खांच पाडूंच नये. आंतील लोखंड उघडें पडलें, तर खाडीच्या खाऱ्या हवेंत त्यास गंज धरण्यास वेळ लागत नाहीं. तेव्हां तेथें भिंतीवरूनच प्लॅस्टिकची पट्टी मारून तींतून तारा न्याव्या. ती दिसावयास बरी दिसत नाहीं, हें खरें. परंतु भरल्या घरांत तिच्याइतकी सोय दुसरी नाहीं.

एक वायरमन व एक मदतनीस यांनीं रिकाम्या खोलींत पट्टीचे आठदहा पॉइंट दिवसाकाठीं पुरे करावे, हें माझ्या पाहण्यांतलें मान आहे. दिवे, पंखे, प्लग मिळून खोलींत पंधरा पॉइंट धरले, तर दोन दिवस झाले. आतां तीच खोली नांदती घ्या. स्नानें, पूजा, स्वयंपाक, मुलांचे डबे आटोपून भिंत मोकळी होते ती साडेदहाला. पहिला तास कपाट सरकविण्यांत जातो. दुपारीं म्हाताऱ्या माणसांना पाऊण तास तरी पडावयास हवें, आणि शेजारच्या खोलींतही कोणी रात्रपाळी करून निजलेला असतो. त्या वेळीं ड्रिल चालवितां येत नाहीं. पांचाच्या सुमारास धूळ झाडून सामान पुन्हां जागेवर आणावें लागतें, कारण त्याच जागीं रात्रीं अंथरुणें पडावयाचीं असतात. आठ तासांच्या दिवसांतून कामाचे तास चार उरले. म्हणजे दोनाचे चार दिवस येथेंच झाले. शिवाय रोज संध्याकाळीं एक दिवा, एक पंखा व फ्रिज चालू राहिलाच पाहिजे. त्यासाठीं जुनी वाट शेवटच्या दिवसापर्यंत जिवंत ठेवून नवी तिच्या शेजारून न्यावी लागते. जुनी तोडून नवी जोडण्याचा व तपासण्याचा एक दिवस निराळा. आणि एक दिवस जुन्या तारांच्या लहरीचा. पूर्वीं तारेवर रबराचें वेष्टण असे. उष्णतेनें व वयानें तें कडक होतें, आणि हात लागतांच त्याचा भुगा पडतो. एक तार हलविली कीं शेजारची उघडी पडते. मग "एवढा एक बोर्ड राहूं द्या" असें म्हणतां येत नाहीं. एकूण सहा दिवस. मी तरी राहत्या घरासाठीं रिकाम्या घराची तिप्पट धरतों. एखादी खोली पूर्णपणें मोकळी करून देतां आली, तर ती दुपटीवर येते.

सामान हलविण्याचा अंदाज वायरमनला विचारूं नये, घरच्या पुरुषांनाही विचारूं नये. तो सूनबाईंना किंवा सासूबाईंना विचारावा. फडताळांत डबे किती, ते उतरवून पुन्हां लावावयास वेळ किती, देवघराची भिंत कोणत्या दिवशीं मोकळी करतां येईल, घरांत श्राद्धपक्ष केव्हां आहे, हें त्यांनाच ठाऊक असतें, आणि सहापैकीं निम्मे दिवस याच प्रश्नांवर ठरतात. हंगामाचेंही तसेंच. पावसाळ्यांत भिंती ओल धरतात व तपासणीचे आंकडे बिघडतात. पुढें गणपति, नवरात्र, दिवाळी. मार्चांत परीक्षा. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत सोईचा.

एक भाग बहुतेकांच्या हिशेबांतून सुटतो. खोलींतील तारा बदलल्या, पण जिन्याखालच्या मीटरपासून खोलीपर्यंत येणारी मुख्य तार जुनीच राहिली! ती सामाईक गॅलरींतून येते, म्हणून शेजाऱ्यांची संमति लागते. मंजूर भार वाढवावयाचा असल्यास बेस्टकडे अर्ज करावा लागतो. हा वेळ कामाच्या दिवसांत धरूं नये. काम काढण्यापूर्वींच तो उरकावा. एका दिव्याच्या व पंख्याच्या काळीं बसविलेल्या तारेवर आतां दोन हजार वॉटचा गीझर चालतो, याचें कोणास आश्चर्यही वाटत नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें दिव्या-पंख्यांच्या एका फांदीवर दहापेक्षां अधिक पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षां अधिक भार नसावा. गीझरला आपली स्वतंत्र फांदी हवी.

तपासणीचा दिवस कोणीं कापूं पाहिला तर देऊं नये. परवानाधारक कंत्राटदाराकडून मेगर लावून वेष्टणाचा रोध पाहावा. तो एक मेगओम निघाला म्हणजे पुरे. अर्थिंग पाहावें. आरसीसीबीची कळ दाबून ती पडते कीं नाहीं, हें स्वतः पाहावें.

"पण चाळच पाडणार आहेत, मग खर्च कशाला?" हा प्रश्न शिवडींत हमखास निघतो. दिवसांचा खरा फसवा अंदाज हाच होय. वरळीच्या चाळींच्या पुनर्विकासाचें भूमिपूजन २०१७ सालीं झालें, आणि तेथील पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातीं नव्या घराच्या किल्ल्या आल्या त्या २०२५ च्या ऑगस्टांत. शिवडीच्या चाळी तर बंदराच्या जमिनीवर असल्यामुळें म्हाडाच्या त्या योजनेंत धरल्याच गेल्या नाहींत. रबराची तार इतकीं वर्षें कोणासाठीं थांबत नाहीं. आणि मजल्यावरच्या वीस खोल्यांपैकीं एकींत ठिणगी पडली, तर एकोणीस बिऱ्हाडांनाही त्याच गॅलरींतून खालीं उतरावयाचें आहे.

सहा दिवस काढणें खरोखरच शक्य नसेल, तर एक दिवस काढावा. त्या दिवसांत मुख्य तार बदलावी, आंत येतांच एमसीबीची पेटी बसवावी, आणि तिच्यांत ३० मिलिअँपिअरच्या गळतीस वीज तोडणारी आरसीसीबी घालावी. पट्टी, पेटी, तारा हें सारें पुढें नव्या घरीं काढून नेतां येतें. वायां कांहीं जात नाहीं. मात्र ही पेटी जुन्या तारांवर बसवितांच वारंवार पडूं लागली, तर वायरमनला बोलावून ती काढावयास सांगूं नये. जुन्या तारांतून वीज गळत असल्याचा तो निरोप आहे, आणि मग उरलेले पांच दिवस कोठून तरी काढलेच पाहिजेत.