भाग घटले, काम कुठे गेले?

मराठी घरांत रेडिओलाच ‘ट्रान्झिस्टर’ म्हणण्याची सवय लागली, इतकी या इवल्या भागाने रेडिओची घडण बदलली. 1947 च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. 1954 मध्ये चार ट्रान्झिस्टरांचा ‘रीजन्सी टीआर-1’ अमेरिकेत आला, पण तो मीडियम वेव्हचा. एफएमची लहर सेकंदाला सुमारे दहा कोटी वेळा हेलकावते. तो वेग सुरुवातीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांना झेपणारा नव्हता. पुढच्या तीस वर्षांचा मागोवा घेतला की जाणवते, खिशातल्या रेडिओतले भाग घटत गेले, पण त्यांचे काम घटले नाही. ते फक्त दुसऱ्याच्या अंगावर गेले.

सर्वांत कमी भागांची वाट एडविन आर्मस्ट्राँगने 1922 मध्ये, व्हॉल्व्हच्या जमान्यातच दाखवली होती: सुपररिजनरेशन. त्यात एकच ट्रान्झिस्टर पुन्हा पुन्हा आंदोलित होतो आणि दर सेकंदाला हजारो वेळा विझतो. त्या उठण्या-विझण्यातून क्षीण लहर प्रचंड वाढते. भाग मूठभर, पण सगळी जोखीम बनवणाऱ्यावर. 0.1 मायक्रोहेन्रीच्या कॉइलला 25 पिकोफॅरड जोडले की सर्किट 100 मेगाहर्ट्‌झच्या आसपास बसते. मात्र एका पिकोफॅरडचा फरक पडला तरी ते सुमारे 2 मेगाहर्ट्‌झ सरकते. हात जवळ नेला, तार लांब ठेवली, की लागलेले स्टेशन निसटते. इथे तारेची लांबी आणि हाताचे अंतर हेही सर्किटचेच भाग असतात.

कारखान्यांनी सुपरहेटरोडाइनची वाट धरली. प्रत्येक स्टेशन मधल्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे 10.7 मेगाहर्ट्‌झवर आणायचे, तिथे गाळायचे, वाढवायचे आणि मग आवाज वेगळा करायचा. ऐकणाऱ्याची खटपट संपली. पण एकेका आयएफटीचा, म्हणजे या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या ट्रान्सफॉर्मरचा, गाभा फिरवून संच जुळवण्याचे काम कारखान्यातल्या हातांवर आले. 1983 मध्ये फिलिप्सच्या टीडीए7000 या चिपने मधली फ्रिक्वेन्सी 70 किलोहर्ट्‌झवर उतरवली, आयएफटी हद्दपार केले आणि ती जुळवाजुळव सिलिकॉनमध्ये कोंडली. भारतात आकाशवाणीने मद्रासला एफएम 1977 मध्ये सुरू केले. मुंबईत 1993 पासून खासगी निर्मात्यांना वेळ मिळू लागली आणि एफएमला बहर आला, तोवर चिपचे युग सुरू होऊन दहा वर्षे झाली होती. आपल्यापैकी बहुतेकांनी एफएम ऐकले ते असे, झाकण लागल्यावर.

कुणी म्हणेल, स्वस्त चिप स्वच्छ आवाज देते, मग कॉइल गुंडाळायची कशाला? ऐकण्यापुरते हे खरेच आहे. सुपररिजनरेटिव्ह संच जवळची दोन स्टेशने एकमेकांत मिसळतो, खरखरतो, आणि स्वतःच लहरी सोडून शेजारच्या रेडिओला त्रास देतो. दुसरा आक्षेप अधिक मुद्द्याचा: हा संच एफएमसाठी नाहीच, तो रेझोनन्सच्या उतारावर स्टेशन बसवून वारंवारतेतला बदल आवाजाच्या चढउतारात बदलतो. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण आहे. ट्यूनिंग किंचित बाजूला सरकवताच बोल स्पष्ट होतात, आणि वारंवारतेत दडलेला आवाज बाहेर कसा येतो हे कानाला कळते. चिपमध्येही तेच काम चालते, कितीतरी नेटकेपणाने, पण नजरेआड. म्हणून ऐकायला चिपचा रेडिओ घ्यावा, आणि कळायला निदान एकदा सुट्या ट्रान्झिस्टरांचा जोडून पाहावा. घटलेल्या भागांचे काम कुठे गेले, हे त्याशिवाय हाताला कळत नाही.