आधी घामाचे पैसे

कामगार गेला की तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. मग कुणीतरी सुचवतं, "वहिनींना शिलाई मशीन मिळवून देऊ." तारापूर एमआयडीसीत टाइम ऑफिसात माझी नोकरी झाली, आता बोईसरला घरीच लोकांचे फॉर्म भरून देतो. माझं म्हणणं एकच : मशीन नंतर बघू, आधी नवऱ्याच्या घामाचे पैसे घरी येऊ द्या.

मी पहिल्यांदा पगाराची स्लिप मागतो. "ते तर ठेकेदाराकडे होते, काका," बाई म्हणते. असू देत. स्लिपवर पीएफ कापलेला दिसला की तीन दावे उभे राहतात : साठलेला पीएफ, विधवा पेन्शन आणि विमा. नोकरीत असताना माणूस गेला, तर एका महिन्याच्या वर्गणीवरही पेन्शन बसते. किमान १,००० रुपये, मुलांची वेगळी. विमा जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. मृत्यू कामावरच्या अपघातात झाला आणि ईएसआय (राज्य कामगार विमा) असेल, तर मजुरीच्या ९० टक्के रक्कम दरमहा कुटुंबाला मिळते. त्यातले तीन-पंचमांश पत्नीचे.

सातपाटीच्या बोटीवरच्या खलाशाला कुठली स्लिप? तिथे मी बँकेचं पासबुक उघडतो. ४३६ रुपये कापल्याची नोंद असेल तर दोन लाखांचा जीवन विमा; २० रुपयांची असेल तर दोन लाखांचा अपघात विमा. कित्येक घरांत ही नोंद कुणी वाचलेलीच नसते.

यातलं काहीच नसेल, तर तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. महिना १,५०० रुपये. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. ईएसआयची पगारमर्यादाही २१,०००च, फक्त ती महिन्याची!

पैसे येतात तेव्हा दीर-भावजया जवळ येतात. म्हणून खातं तिच्या एकटीच्या नावावर. हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासून नवऱ्याच्या मिळकतीत विधवेचा हिस्सा मुलांइतकाच आहे. आदिवासी कुटुंबांना मात्र तो कायदा थेट लागू नाही. तिथे फेरफार नोंदीच्या वेळी तलाठ्यासमोर तिचं नाव आग्रहाने घालावं लागतं.

त्यानंतर कमाईचा विचार. बचत गट, कर्ज, मशीन, सगळं चालेल. पण कपडे शिवायला कोण देणार, हे आधी ठरवा. आमच्याच जिल्ह्यात कोसबाडला आयुष्य वेचलेल्या अनुताई वाघ तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झाल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या शिक्षणावर आणि शिक्षिकेच्या पगारावर. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांच्या हातात स्वतःचा पेशा होता.

नवरा हयात असलेल्या बायकांना मी एक काम सांगतो : आज जेवताना त्याला पीएफचा यूएएन नंबर विचारा, ई-नॉमिनेशनमध्ये तुमचं नाव आहे का ते मोबाइलवर बघा. त्याला ते अभद्र वाटलं तरी विचारा.