माजाची वर्दी

गाय साधारणतः दर 21 दिवसांनी माजावर येते. परंतु तो माज जेमतेम बारा ते अठरा तास, आणि भरपूर दूध देणाऱ्या होल्स्टिन गाईंत तर पुष्कळदा आठ तासांच्या आसपासच टिकत असल्यामुळे, शिवाय एकमेकींवर उडण्याचे प्रकार बहुधा रात्री किंवा भल्या पहाटे घडत असल्यामुळे, धारा-वैरण आटोपून अंथरुणाला पाठ टेकलेल्या गोपालकाच्या नजरेतून तो निसटला, तर त्याला बोल लावणे अन्यायाचे होईल. मात्र त्या एका रात्रीपायी पुढचे 21 दिवस फुकट जातात आणि भाकड गाईच्या खुराकाचा बोजा घरावर पडतो.

माजावरची गाय स्वस्थ राहत नाही, हे गोठ्यात वावरणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतेच. 1977 साली अमेरिकन कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रातील किडी या संशोधकाने गाईंच्या पायांना पावले मोजणारी यंत्रे बांधून, माजाच्या काळात त्यांची हालचाल दुपटी-चौपटीने वाढते असे दाखवले, आणि पुढे इस्रायलमधील आफिकिम या किबुत्झाने असली यंत्रे दुग्धशाळेच्या नित्य व्यवहारात आणली. आजच्या गळपट्ट्यातील संवेदक मानेची हालचाल अहोरात्र टिपतो, तिची तुलना शेजारच्या गाईशी न करता त्याच गाईच्या मागील काही दिवसांतील नोंदींशी करतो, आणि हालचाल वाढून रवंथ घटले की मालकाच्या मोबाइलवर वर्दी देतो.

या वर्दीचे खरे मोल वेळेत आहे. माज सुरू झाल्यापासून साधारण 24 ते 32 तासांनी स्त्रीबीज सुटते, ते काही तासच टिकते, आणि शुक्रजंतूंनाही फलनक्षम होण्यास अवधी लागतो. म्हणूनच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे, असा नेब्रास्कातील ट्रिम्बर्गरच्या 1940च्या दशकातील अभ्यासातून रूढ झालेला दंडक आहे. पट्ट्यामुळे माजाचा आरंभच कळत असल्याने हा हिशेब अंदाजावर सोडावा लागत नाही.

तथापि बीजकोशच निष्क्रिय असलेल्या किंवा गर्भाशयाचा विकार जडलेल्या गाईला पट्टा फळवू शकत नाही. तेथे पशुवैद्यच हवा. लंगडणारी गाय माजातही फारशी हिंडत नाही, तर नव्या कळपात सोडलेली गाय माजाविनाही येरझाऱ्या घालते. म्हणून वर्दी येताच शेपटीखाली काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा बळस आहे की नाही, हे स्वतः पाहणे अगत्याचे आहे. आपल्याकडील पुष्कळ गाई दिवसभर दाव्याला बांधलेल्या असतात. त्यांच्यासाठी पट्ट्याच्या खर्चाआधी मुक्तसंचार गोठ्याची तजवीज करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.