शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेल का?

काही माणसांचे पोट वरचेवर दुखते. कुणाला ढाळ होतात, कुणाला शौचाला साफ होत नाही. तपासले तर आतड्यात जखम दिसत नाही. तरी दुखणे खरे असते. डॉक्टर त्याला आयबीएस म्हणतात.

आपल्या शरीरात सिरोटोनिन नावाचे द्रव्य असते. त्याचे १०० पैकी सुमारे ९० भाग आतड्यातच असतात. गाडीवान बैलाला हाकतो, तसे ते आतड्याला हाकते. मग अन्न पुढे सरकते. काही रोग्यांत हे हाकणे जास्त होते, तेव्हा ढाळ लागतात. काहींत ते कमी पडते, तेव्हा मळ अडतो.

म्हणून औषधेही दोन तऱ्हेची. एक आतडे आवरते, दुसरे चालवते. अमेरिकेत ढाळ आवरणारी अलोसेट्रॉन नावाची गोळी २००० साली निघाली. तिने काहींचा मळ फार अडला, काहींच्या आतड्याला इजा झाली. त्याच वर्षी ती बंद केली. २००२ साली पुन्हा सुरू केली, पण फक्त निवडक बायकांसाठी.

तेव्हा शेजाऱ्याची गोळी मागू नका. आपल्याला काय होते, ते डॉक्टरांना न लाजता सांगा. शौचातून रक्त पडले, किंवा वजन उतरू लागले, तर लगेच दवाखाना गाठा.