मुंबई ते लक्षद्वीप : हिवाळ्यातील एक जलप्रवास

वसंत ऋतूतल्या व्याख्यानमालेत हिवाळ्यातील प्रवासाविषयी बोलणे थोडे उलटे वाटेल. परंतु हा विषय आम्हांस सुचला तो प्रभादेवीच्या जत्रेत, आणि ती जत्रा भरते पौष पौर्णिमेला. गेल्या जत्रेत परिचयाचे एक गृहस्थ भेटले. मूळचे मालवणकडचे, आयुष्य इथल्या गिरणीत गेलेले. ते म्हणाले, "मुलगा आम्हा दोघांना बोटीने लक्षद्वीपला पाठवतो म्हणतो. हिवाळ्यातच जा असे का म्हणतात? बोट लागेल का? आणि वाटेत आमचे मालवण दिसेल का?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जत्रेच्या गर्दीतही देता आली. तिसऱ्याला वेळ लागतो.

सन 2018 मध्ये मुंबई आणि गोवा यांच्या दरम्यान 'आंग्रिया' नावाची प्रवासी बोट सुरू झाली, आणि 2021 पासून त्याहून पुष्कळ मोठी जहाजे मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीप यांच्या फेऱ्या करू लागली. दीड-दोन हजार माणसे सामावून घेणारे हे जहाज म्हणजे एक तरंगती चाळच. फरक इतकाच की इथे पाण्यासाठी रांग लागत नाही. ही सहल करावयाची तर ती हिवाळ्यात, हे खरे. मात्र त्याचे कारण 'हवा छान असते' एवढ्यावर संपत नाही.

समुद्राची लाट ही वाऱ्याची संतती होय. वारा जितका जोरकस, जितका वेळ वाहणारा आणि जितक्या लांब उघड्या पाण्यावरून येणारा, तितकी लाट मोठी. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा पार आफ्रिकेच्या बाजूने, शेकडो कोस मोकळ्या पाण्यावरून येऊन आपल्या किनाऱ्यावर आदळतो. लाटेला वाढावयास पल्ला मिळतो, म्हणून आषाढात दादर-प्रभादेवीच्या किनाऱ्यावर पाणी भिंतीवरून उडते. हिवाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक थंड होते आणि वारा उलटतो. तो ईशान्येकडून, म्हणजे सह्याद्रीकडून समुद्राकडे वाहू लागतो. आता पाहा, जो वारा जमिनीवरून नुकताच पाण्यावर उतरला, त्याला लाट वाढविण्यास पल्लाच उरत नाही. किनाऱ्यालगतचा समुद्र पहाटे तळ्यासारखा दिसतो तो याच कारणाने. दुपारी जमीन तापली की वायव्येचा वारा सुटतो आणि थोडी खळबळ होते, परंतु रात्री पुन्हा मतलई वारा सुटून पाणी शांत होते. मोठ्या जहाजांना डोलणे कमी करणारे पंखेही बाजूंना असतात. तेव्हा 'बोट लागेल का' याचे उत्तर, पौष-माघात बहुधा लागणार नाही.

'बहुधा' हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. पावसाळा संपला म्हणजे धोका संपला, ही समजूत महागात पडलेली आहे. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर होतात, आणि नोव्हेंबर त्यांचा एक आवडता महिना. 'वैतरणा' ही आगबोट, जिला लोक 'वीजळी' म्हणत, 8 नोव्हेंबर 1888 रोजी काठेवाडच्या किनाऱ्याजवळ माणसांसकट नाहीशी झाली. 11 नोव्हेंबर 1927 रोजी आपल्या कोकण किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच वादळात बुडाल्या. आणि फयान वादळ किनाऱ्यावर आले तो दिवस पुन्हा 11 नोव्हेंबर, साल 2009. तारीख जुळली तो योगायोग, महिना जुळला तो योगायोग नव्हे. आज उपग्रह कित्येक दिवस आधी सूचना देतात, बोट निघतच नाही. तरीही आमचा सल्ला विचाराल तर डिसेंबरच्या मध्यानंतर निघावे आणि फेब्रुवारीअखेर परतावे. मार्चपासून दुपारचा वारा पुन्हा जोर धरू लागतो.

हा वाऱ्याचा हिशेब आजचा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तहून निघणारी ग्रीक-रोमन जहाजे उन्हाळ्यात निघत, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आपल्याकडे येत, आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्येच्या वाऱ्यावर परत जात. त्यांच्या एका खलाशी-पुस्तकात कल्याणच्या जोडीला 'सेमिल्ला' हे बंदर आहे. ते म्हणजे आपले अलिबागजवळचे चौल. पुढेही आपल्या बंदरांचा इतिहास बराचसा हिवाळ्यातच घडला. पोर्तुगीज आल्मेदाने दाभोळ जाळले ते डिसेंबर 1508 मध्ये. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली ती 25 नोव्हेंबर 1664 ला, म्हणजे समुद्र मोकळा होताच. विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले ते फेब्रुवारी 1756 मध्ये. ते इंग्रजांनी जाळले आणि त्या वेळी पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, ही गोष्ट आम्हा मराठी माणसांना सांगताना अजूनही जड जाते. पावसाळ्यात ना व्यापार, ना लढाई. तारवे खाडीत शाकारून ठेवलेली. खांदेरीचा झगडा मात्र 1679 चा पाऊस पुरता ओसरण्याआधीच पेटला होता. महाराजांची घाई इंग्रजांना अपेक्षित नव्हती.

आता तिसरा प्रश्न. मालवण दिसेल का?

नकाशा समोर घ्या. आपला किनारा मुंबईहून सरळ दक्षिणेला उतरत नाही. तो हळूहळू पूर्वेकडे कलत जातो. लक्षद्वीपमधील अगत्ती बेट मात्र मुंबईच्या जवळजवळ थेट दक्षिणेस, सुमारे 900 किलोमीटरवर आहे. संध्याकाळी निघालेले जहाज सरळ रेषेत जाऊ लागले की किनारा त्याच्यापासून दूर सरकत जातो. पहाटे ते मालवणच्या अक्षांशावर येते तेव्हा मालवण त्याच्या डाव्या हाताला सुमारे 90 किलोमीटरवर असते. दीपगृहाचा उजेडही पृथ्वीच्या गोलाईमुळे इतक्या दूर पोहोचत नाही. गंमत अशी की त्याच्या थोडे आधी उजव्या हाताला, विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे 105 किलोमीटरवर, पाण्याखाली प्रवाळाचे एक मोठे पठार आहे. त्याचे नाव आंग्रिया बँक. एका हाताला आंग्र्यांचा किल्ला, दुसऱ्या हाताला आंग्र्यांच्या नावाचे बुडालेले पठार, दोन्ही न दिसणारी; आणि वरच्या मजल्यावर बहुतेक प्रवासी गाढ झोपलेले.

जुनी आगबोट अशी नव्हती. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य तथा भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या भाऊच्या धक्क्यावरून ती सकाळी सुटे आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असा एकेक उंबरठा ओलांडत दुसऱ्या दिवशी पणजीस पोहोचे. परळ, लालबाग, प्रभादेवी इथली निम्मी वस्ती याच बोटीने मुंबईत आली. आम्ही लहान असताना मालवणास उतरलो ते आठवते. खडकांमुळे बोट दूर उभी राहिली, पडाव बाजूला लागला, तो वर येई तेव्हा खलाशी ओरडे, "आता!", आणि आईने आम्हांस अक्षरशः त्याच्या हाती टाकले. ट्रंका, केळीचे घड, कोंबड्यांचे झाप, एक विव्हळणारी म्हातारी, सगळे त्याच मार्गाने खाली. याला कोणी सुखाचा प्रवास म्हणणार नाही. 17 जुलै 1947 रोजी भर पावसाळ्यात 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. गिरणगावातल्या अनेक घरांत ती आठवण पुढे कित्येक वर्षे होती.

मग ही बंदरे मागे का पडली? कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. पावसात त्या सह्याद्रीची माती खाडीत आणतात, आणि पावसाळी लाटा खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध घालतात. गलबताला हे चाले. उथळ तळाचे गलबत भरतीवर आत शिरे आणि ओहोटीला चिखलात बसून राही. लोखंडी जहाजे आली, त्यांचा तळ खोल गेला. आजच्या सहलीच्या जहाजाला जवळजवळ सात मीटर पाणी केवळ तळासाठी लागते. मुंबईला निसर्गतःच खोल आणि आडोशाचे पाणी होते, 1869 मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर युरोपची वाट जवळ झाली, आणि कोकणातला व्यापार तर मुंबईने ओढलाच, माणसेही ओढली. पुढे रस्ता सुधारला, बोटींचा राबता ओसरत बंद पडला, आणि 1998 पासून कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली. बंदराला आपण 'ऐतिहासिक' म्हणू लागतो, ते बहुधा तेथे जहाज येईनासे झाल्यावर. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलमार्गावरचे आहेत. जगाने पाहावे म्हणून यादीत घातलेले हे चारही दुर्ग त्याच समुद्रातून जाणारे मोठे जहाज रात्री ओलांडते. यात जहाजवाल्यांचा दोष आम्ही काढीत नाही. त्यांनी थांबावे कोठे? परंतु छोट्या बोटींना लागतील असे चांगले धक्के आणि दिवसा चालणारी सेवा हे काही अशक्य कोटीतले काम नव्हे.

अगत्तीला पोहोचल्यावर मात्र आमच्यासारख्यांना एक आश्चर्य वाटते. तिथेही जहाज दूर उभे राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांत उतरवतात! कारण वेगळे आहे. ही बेटे प्रवाळांनी रचलेली. बाहेर प्रवाळाचे कडे, आत कमरेइतके किंवा थोडे अधिक खोल हिरवे-निळे पाणी, आणि त्यात पांढऱ्या वाळूची एक चिंचोळी पट्टी. अगत्तीची लांबी सात-साडेसात किलोमीटर, रुंदी कोठेही एक किलोमीटरच्या आतच. लक्षद्वीपची सगळी 36 बेटे मिळून जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर, आणि वस्ती त्यांतल्या 10 बेटांवर. डार्विनने 1842 मध्ये मांडले की अशी कडी बुडत चाललेल्या ज्वालामुखी पर्वतांच्या माथ्यावर वाढतात. लक्षद्वीप ज्या समुद्राखालच्या डोंगररांगेवर उभे आहे तिचा संबंध बहुतेक भूशास्त्रज्ञ त्याच अग्निस्रोताशी जोडतात, ज्याने साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा काळा पाषाण ओतला. म्हणजे मुंबईच्या जुन्या इमारतींचा काळा दगड आणि त्या बेटांचा पाया हे एकाच चुलीवरचे.

तिथे नदी नाही. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. विहिरीतून जास्त उपसले की खाली दबलेले खारे पाणी वर येते. म्हणून या बेटांवर किती पाहुणे एका वेळी न्यावेत, हा तेथल्या लोकांच्या दृष्टीने पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे. भारतीयांनाही तेथे जाण्यास परवाना लागतो. किनाऱ्यावर उतरल्यावर प्रवाळ उचलू नये, त्यावर पाय देऊ नये. कायद्यानेही त्याला बंदी आहे.

आणखी एक गोष्ट रात्री जागे राहणाऱ्यांसाठी. हिवाळ्यात अरबी समुद्रात नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव फार वाढतात, आणि जहाजाने कापलेले पाणी कधीकधी निळसर उजळते. दिसायला सुंदर असले तरी मासळीच्या दृष्टीने ते चांगले लक्षण नव्हे, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात.

आमच्या त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सुचविले की परतीला गोव्यावरून येणारी फेरी पाहावी. गोव्याहून मुंबईकडे येताना जहाज किनाऱ्याच्या पुष्कळ जवळून जाते. अशा वेळी उजव्या बाजूच्या कठड्याशी उभे राहावे. वेंगुर्ल्यापासून वर एकेक दीपगृह दिसू लागते, आणि प्रत्येकाची उघडझाप वेगळी असते, तिच्यावरूनच नाखवा ठिकाण ओळखतो. आकाश स्वच्छ असेल तर मालवणच्या बाजूचा उजेड डोळ्यांना लागेल. त्यांना ते पटले. परंतु त्यांच्या पत्नी इतका वेळ गप्प उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "उजेड कसला बघायचा? गोव्यातच उतरू या आणि एस.टी.ने घरी जाऊ."